खाच वेगळी मिळेल

"तीन वर्षं झाली, एक गाडी पळवायला मिळेना मेली."

हे वाक्य मीटर तपासणी कार्यालयाच्या दप्तरखान्यात, रॅक क्रमांक नऊ आणि दहा यांच्यामधल्या बोळात, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्या दप्तरबाईंनी स्वतःशीच उच्चारलं. खाली शिडी धरून हेडक्लार्क उभे होते. त्यांच्या कानावर ते स्पष्ट पडलं. पण तोंडी पुटपुटण्याची दखल घेण्याची कुठल्याही नियमात तरतूद नसल्यामुळे त्यांनी ते ऐकलं नाही.

दप्तरबाईंना निवृत्त व्हायला अकरा महिने उरले होते. त्यांची मागणी मोठी नव्हती. भाचीच्या घरी एकदा पोरांनी त्यांच्या हातात गेमचा कंट्रोलर कोंबला होता. पडद्यावर लाल गाडी होती. बाईंनी ती दोनदा भिंतीवर आपटली, एकदा तळ्यात घातली आणि तरीही त्या पहिल्या आल्या. आयुष्यात त्यांचा पहिला नंबर तेव्हा पहिल्यांदा आला. शाळेत त्या मधल्या बाकावर होत्या, पाच भावंडांत तिसऱ्या होत्या आणि नोकरी लागली तीसुद्धा प्रतीक्षायादीतून, वरच्या तिघांनी नको म्हटल्यावर. त्यामुळे पडद्यावर कागदाचे तुकडे उडायला लागले तेव्हा त्यांना आधी वाटलं की यंत्र बिघडलं.

पुढे भाचीची बदली झाली, पोरं गेली, यंत्रही गेलं. त्याच सुमारास कार्यालयाच्या मनोरंजन कक्षात काय असावं, अशी सूचना मागवणारी पेटी लागली. बाईंनी चिठ्ठी टाकली: 'गाड्यांच्या शर्यतीचा गेम असावा. दोघांना खेळता येईल असा.' पेटीत ती एकच चिठ्ठी निघाली. बाईंनी त्याच आठवड्यात शर्यतीची डिस्क स्वतःच विकत आणली आणि यंत्र येईपर्यंत खणात ठेवली.

एकमेव सूचना आल्यामुळे तिच्यावर निर्णय घेणं टाळता येईना. म्हणून समिती नेमण्यात आली.

समितीचं पूर्ण नाव 'मनोरंजन कक्षाकरिता खेळयंत्र निवड व तदनुषंगिक बाबी समिती' असं होतं. त्यातल्या 'तदनुषंगिक बाबी' हेडक्लार्कांच्या. हेडक्लार्कांना सगळे 'परिशिष्ट' म्हणत, कारण साध्या रजेच्या अर्जालाही ते तीन परिशिष्टं जोडत. त्यांच्या लग्नपत्रिकेलाही एक परिशिष्ट होतं म्हणतात, आणि बायकोचं नाव त्यात होतं. बाकी समितीत अध्यक्ष म्हणून मोठे साहेब, तांत्रिक सदस्य म्हणून इंजिनिअर आणि कायदेशीर सदस्य म्हणून वकीलबाई. सूचना करणाऱ्या दप्तरबाईंना समितीत घेतलं नव्हतं. त्यांचा विषयाशी थेट संबंध असल्यामुळे त्या तटस्थ राहू शकल्या नसत्या.

काम होतं तीन मॉडेलांपैकी एकापुढे बरोबरची खूण करण्याचं. पेनमध्ये शाई होती. पण खूण करायच्या आदल्याच दिवशी यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नवं मॉडेल जाहीर केलं. त्याला डिस्क घालायची खाचच नव्हती. गेम हवा असेल तर तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा.

"बरोबर केलं!" इंजिनिअर टेबलावर हात आपटून म्हणाले. "आजच्या काळात डिस्क कोण वापरतं?"

"बरोबर?" वकीलबाईंनी चष्मा काढला. "उद्या कंपनीने गेम परत घेतला तर? विकत घेतलेली वस्तू हातात धरता आली पाहिजे, इंजिनिअर. नाहीतर ते घेणं नाही, भाड्याने राहणं आहे."

"अहो, पण खाच म्हणजे धूळ, मोटर, खर्र खर्र आवाज..."

"आवाज तुमच्या स्कूटरचाही येतो. तिचं चाक काढलंत का?"

साहेबांनी हात वर केला. ते बराच वेळ गंभीर होते. "मूळ मुद्दा वेगळाच आहे," ते म्हणाले. "एवढा मोठा निर्णय कंपनीने समितीला न विचारता घेतलाच कसा?"

हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून समितीत दोन पक्ष पडले. वकीलबाईंचा डिस्कपक्ष खिडकीकडे बसू लागला, गेम हवेतूनच उतरवावा म्हणणारा इंजिनिअरांचा हवापक्ष पंख्याखाली. साहेब मध्ये. परिशिष्ट दोन्हीकडून जोडलेले. बैठक दर बुधवारी. अभ्यासासाठी सदस्य घरी चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ पाहत, ज्यांत कोणीतरी तरुण माणूस यंत्राच्या फोटोशेजारी दोन्ही हातांनी डोकं धरून उभा असे. यंत्र सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करतं, हे इंजिनिअरांना तोंडपाठ झालं. बायकोने घरी मीठ किती घालू विचारलं तरी ते आधी मागच्या पिढीच्या तुलनेत टक्केवारी सांगत. वकीलबाईंनी कंपनीचा एकशे बारा पानी करार वाचून काढला. जगात तो करार वाचलेली ती दुसरीच व्यक्ती असावी, आणि पहिली टायपिस्ट.

वाद मिटेना, तेव्हा साहेबांच्या आदेशावरून कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढण्यात आली. 'आपण खाच कोणत्या अधिकारात काढली याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही केली जाईल.' सोबत परिशिष्ट अ ते ऊ.

उत्तर चार सेकंदांत आलं.

"चार सेकंद!" साहेब खुर्चीतून उठले. "आपण जावक क्रमांक टाकायला चार दिवस घेतो."

उत्तर असं होतं: 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. हा निरोप आपोआप पाठवला आहे. कृपया याला उत्तर देऊ नये.'

यावर पाच बैठका झाल्या. 'मोलाचं' हा शब्द कंपनी सगळ्यांसाठी वापरत नसणार, असं साहेबांचं मत पडलं. 'आपोआप' म्हणजे कोणाच्या दबावाखाली न येता, असा वकीलबाईंनी अर्थ लावला. 'उत्तर देऊ नये' याचा अर्थ कंपनीला समितीचं म्हणणं निरुत्तर करून गेलं, असा परिशिष्टांनी लावला. तो कागद चौकटीत घालून मनोरंजन कक्षात टांगण्यात आला. कक्षातलं ते पहिलं मनोरंजन.

पुढच्याच महिन्यात एक विलक्षण गोष्ट घडली. काळ्या रंगावर धूळ दिसते, तरी पांढऱ्याचा विचार व्हावा, असा ठराव समितीने केला आणि तीन आठवड्यांनी कंपनीने पांढरं मॉडेल काढलं.

"ऐकलं!" इंजिनिअर ओरडत जिना चढले. "ऐकलं आपलं!"

त्या दिवशी कार्यालयाला अर्धी सुट्टी मिळाली. वकीलबाई आणि इंजिनिअर पहिल्यांदाच एका टेबलावर चहा प्यायले. मात्र त्यानंतर जबाबदारी वाढली. आपण काही बोललो आणि कंपनीने ते लगेच केलं तर? एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जगभरातल्या लोकांना भोगावं लागेल. म्हणून बुधवारी यंत्ररचना आणि शुक्रवारी व्यापारधोरण, अशा दोन बैठका सुरू झाल्या. बाहेर लोक बिघडलेले मीटर मांडीवर घेऊन बाकावर बसून राहत. आत कंपनीची पुढची सात वर्षं ठरत असत.

"साहेब, माझे सात महिने राहिले," दप्तरबाई एका शुक्रवारी दारातूनच म्हणाल्या.

"बाई, घाई करून चालत नाही. कंपनीचं धोरण अजून पक्कं झालेलं नाही."

"धोरण राहू द्या की. यंत्र आलं तर धोरण त्याच्याखाली ठेवता येईल, टेबल डुगडुगतं तिथलं."

परिशिष्टांनी हे इतिवृत्तात घेतलं नाही.

मग ती घोषणा आली. ज्यांना डिस्क हवीच असेल त्यांच्यासाठी खाच वेगळी मिळेल, यंत्राला बाहेरून जोडता येईल, असं कंपनीने जाहीर केलं. यंत्र उभं ठेवायचं तर त्याचा पायाही वेगळाच मिळणार होता.

परिशिष्टांनी ती बातमी दोनदा वाचली. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचली. "साहेब," ते म्हणाले, "ही कंपनी आपलीच आहे हो. मूळ वस्तूत काही नाही, सगळं परिशिष्टात!"

वकीलबाई संतापल्या. "जे आधी आत होतं तेच काढून पुन्हा विकतायत! ही लूट आहे!"

"ही निवड आहे," इंजिनिअर म्हणाले. "ग्राहकाला स्वातंत्र्य आहे."

"न घेण्याचं?"

"तेही."

साहेबांचं मात्र दोघांकडे लक्ष नव्हतं. ते खिडकीतून बाहेर बाकावर बसलेल्या लोकांकडे पाहत होते. "कल्पना चांगली आहे," ते हळूच म्हणाले.

आणि पुढच्या सोमवारपासून मीटर तपासणीच्या पद्धतीत सुधारणा झाली. एक लाँड्रीवाला आपला विजेचा मीटर घेऊन आला. मीटर उलटा फिरत होता. लाँड्रीवाला प्रामाणिक माणूस, नाहीतर आलाच नसता. त्याला आठवड्याने प्रमाणपत्र मिळालं.

"अहो, यात मीटर बरोबर आहे की चूक ते लिहिलंच नाही," तो म्हणाला.

"तपासणी झालेली आहे," परिशिष्ट म्हणाले. "निष्कर्ष वेगळा मिळेल."

"आणि हा शिक्का अर्धाच का?"

"मूळ मॉडेलमध्ये अर्धाच असतो."

"आणि माझ्या मीटरची काच?"

"ती आम्ही काढली. धूळ बसते."

लाँड्रीवाल्याने तक्रार केली. त्याला उत्तर गेलं: 'तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' ते जायला मात्र चार आठवडे लागले, कारण आपोआप पाठवायला माणूस कमी होता. गंमत म्हणजे तक्रारी कमी झाल्या. लोक आता बाकावर बसून आपसातच वाद घालू लागले. काहींना काच काढली ते पटलं होतं, काही जुन्या शिक्क्याच्या बाजूचे होते. दोन माणसांनी तर मीटर आणणंच सोडलं. ती नुसती वादाला येऊन बसत.

दप्तरबाईंचे चार महिने उरले, तेव्हा त्यांनी एक निर्णायक पाऊल उचललं. त्यांनी समितीच्या बैठकीत चहा पाठवणं बंद केलं. तिसऱ्या कोरड्या बुधवारी खरेदीचं पत्र काढायचं एकमताने ठरलं.

पत्र परिशिष्टांनी लिहिलं. आयुष्यभराचं कसब त्यांनी त्यात ओतलं. मूळ पत्रात एकच ओळ: 'सोबतच्या परिशिष्टांत नमूद केल्यानुसार पुरवठा व्हावा.' परिशिष्ट अ मध्ये खाचेचं सविस्तर वर्णन, परिशिष्ट ब मध्ये पायाचं, परिशिष्ट क मध्ये तारांचं, परिशिष्ट ड मध्ये दोन कंट्रोलर, त्यांच्या बटणांच्या संख्येसह. यंत्राचा उल्लेख मूळ पत्रात येईलच, अशा समजुतीने कोणत्याच परिशिष्टात आला नाही.

भांडारविभागाने परिशिष्टांनुसार पुरवठा केला. खाच आली. पाया आला. तारा आल्या. दोन कंट्रोलर आले.

समितीने सगळं काचेच्या कपाटात मांडलं आणि समोर खुर्च्या टाकून पाहणी केली.

"खाच उत्तम आहे," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची काचेजवळ ओढली.

"कशाला जोडायची?" दप्तरबाईंनी विचारलं.

"तो पुढचा टप्पा."

"माझा शेवटचा टप्पा आलाय हो."

पुरवणीपत्र गेलं. त्यात यंत्राचा उल्लेख होता, परिशिष्टात. एक महिना गेला, दोन गेले. समितीने मधल्या काळात कंपनीच्या पुढच्या पिढीच्या यंत्राबद्दल, जे कंपनीच्याही अजून डोक्यात आलं नव्हतं, कडाडून मतभेद केले. इंजिनिअर आणि वकीलबाई एकमेकांशी बोलेनात. बोलायचं झालं तर साहेबांच्या मार्फत, तेही लेखी.

यंत्र आलं ते दप्तरबाईंच्या निवृत्तीच्या दिवशी, दुपारी बारा वाजता.

खोकं मनोरंजन कक्षातल्या टेबलावर ठेवलं गेलं. उघडायचं कोणी, हा प्रश्न होता. उघडणं म्हणजे बिनखाचेच्या मॉडेलला मान्यता, असं डिस्कपक्षाचं म्हणणं. न उघडणं म्हणजे प्रगतीला विरोध, असं हवापक्षाचं. दोन वाजता ठरलं की खोकं निरोपसमारंभापुरतं शोभेला राहू द्यावं आणि सोमवारी बैठक घ्यावी.

"सोमवारी मी नसेन," दप्तरबाई म्हणाल्या.

वकीलबाईंनी नियम पाहिला. तो स्पष्ट होता. मनोरंजन कक्ष सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. साडेपाच वाजता दप्तरबाई सेवेतून मुक्त होणार आणि पाच एकतीसला त्या कक्षासाठी त्रयस्थ व्यक्ती ठरणार.

समारंभ चारला सुरू झाला. साहेबांनी भाषण केलं. बाईंनी छत्तीस वर्षं एकही कागद हरवू दिला नाही, असं एक वाक्य त्यांनी बाईंबद्दल म्हटलं आणि ते कंपनीच्या धोरणाकडे वळले. इंजिनिअर यंत्राच्या वेगाबद्दल बोलले. वकीलबाईंनी मालकीहक्काबद्दल बोलताना टेबलावर मूठ आपटली. बाईंना भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. चांगलं होतं. सेल वेगळे मिळणार होते.

आभार मानायला बाई उभ्या राहिल्या. पर्समधून त्यांनी गठ्ठ्यांची सुतळी कापायचं पातं काढलं आणि खोक्याची पट्टी सर्रकन फाडली.

"बाई!" वकीलबाई किंचाळल्या. "सील तोडलं की एकशे बारा पानांना संमती धरली जाते!"

"धरू दे. माझी आहे संमती."

"परिशिष्टांसह?" हेडक्लार्क पुटपुटले.

"परिशिष्टांसह."

बाईंनी यंत्र बाहेर काढलं. कपाट उघडून खाच, पाया, तारा आणि कंट्रोलर काढले. भाचीकडे पाहिलं होतं तसं जोडायला लागल्या. समिती भोवती उभी राहिली. कोणती तार कुठे, हे तिघांनी तीन प्रकारे सांगितलं आणि तिन्ही प्रकारे ती बसली नाही. इंजिनिअर चालू करायचं बटण यंत्राच्या मागच्या बाजूला सात मिनिटं शोधत होते. ते पुढे होतं.

टीव्हीवर निळा उजेड पडला. खाली अक्षरं आली: 'नवीन सुधारणा उतरवत आहे.' तीन टक्के.

"बघा!" वकीलबाई म्हणाल्या. "विकत घेतलं त्या दिवशीच अपुरं!"

"बघा!" इंजिनिअर म्हणाले. "विकत घेतलं त्या दिवशीच सुधारणा!"

पाच वाजले. अठ्ठावीस टक्के. बाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या, भेट मिळालेलं घड्याळ मांडीवर घेऊन. खरी वेळ त्या मनगटावर पाहत होत्या. पाच दहा. एकसष्ट टक्के. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी इंटरनेट हळू होऊ नये म्हणून कार्यालयातले बाकीचे सगळे संगणक बंद करायला लावले. कोणाचं काही अडलं नाही.

पाच एकवीसला सुधारणा संपली. बाईंनी इतकी वर्षं खणात जपलेली डिस्क खाचेत सरकवली. खर्र असा आवाज झाला. डिस्कपक्षातल्या एकमेव सदस्येच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर एक लाल गाडी आली, तिच्याशेजारी एक निळी. खाली प्रश्न: दुसरा खेळाडू?

बाईंनी दुसरा कंट्रोलर उचलून सगळ्यांसमोर धरला.

"चला. कोण येतंय?"

"बाई, तुम्ही एकट्या खेळा ना," साहेब म्हणाले. "आज तुमचा दिवस."

"एकटीने पळवून काय उपयोग? पहिलं यायला दुसरं कोणीतरी लागतं."

"माझा कंपनीला तत्त्वतः विरोध आहे," वकीलबाई म्हणाल्या. "हातात धरलं की तो संपला."

"मला इतिवृत्त लिहायचंय," परिशिष्ट म्हणाले. ते दोन पावलं मागे गेले होते.

"माझ्या पदाला ते बरं दिसेल का?" साहेबांनी कोणाला तरी विचारलं.

पाच चोवीस. बाईंचा हात तसाच पुढे होता. बाकावरचे लोकही मीटर घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. लाँड्रीवाला होता, तोही हातातला मीटर या काखेतून त्या काखेत करत छताकडे पाहू लागला. आणि वाचकहो, तुम्हीही इथवर आलात ते डिस्क बरी की हवा, हे एव्हाना मनात पक्कं करूनच आला असाल. वकीलबाईंना तुम्ही दोनदा मान डोलावलीत, नाहीतर इंजिनिअरांना. आत या ना. दारात गर्दी होतेय. कंट्रोलर इथे आहे.

नाही? बरं.

पाच सव्वीस झाले. बाईंनी हात खाली घेतला नाही. पडद्यावरची निळी गाडी जागच्या जागी धूर सोडत होती.

"इंजिनिअर," बाई म्हणाल्या, "चार वर्षं तुम्ही या यंत्राचा श्वास न् श्वास मोजलात. चार मिनिटं राहिली माझी. बसा की."

इंजिनिअरांनी तोंड उघडलं. सेकंदाला होणाऱ्या आकडेमोडीचा आकडा त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच विरला. त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. दोघांनी नजरा वळवल्या. मग ते खुर्चीच्या कडेवर टेकले, कंट्रोलर घेतला, उलटा धरला, बाईंनी तो सुलटा करून दिला.

"बाई, खरं सांगू?" ते म्हणाले. "वाद घालायला बसलं की निकालच लागत नाही. खेळायला बसलं की लागतो. मला हरायची भीती वाटते हो. आम्हा सगळ्यांनाच वाटते."

"मग आज हरा की," बाई म्हणाल्या आणि पाच सत्तावीसला त्यांनी शर्यत सुरू करायचं बटण दाबलं.